तिसरं काय आणायचं

टँकर अजून मारुतीच्या देवळाचं वळण घेत होता, तोवर गल्लीतल्या पोरी ओरडत सुटल्या, "वेसी आली! वेसी आली!" आणि शरणम्मानं रांगेत ठेवायची घागर अशी आदळली, की तिला बुडाशी पोचा पडला.

पुढं उभी असलेली गुणाबाई वळली. "काय झालं वो, सिंधूची माय?"

"काय न्हाई. हात निसटला."

"संभाळून. घागर दुसरी मिळंल, आजची वेसी गेली की गेली."

शरणम्मानं तिच्याकडं रोखून पाहिलं. गुणाबाईला त्यातलं काही कळलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष टँकरच्या पायपाकडं होतं. तेवढ्यात ओट्यावरून सासूचा आवाज आला. बसम्माला दात नव्हते, पण आवाज शाबूत होता.

"सूनबाई, पहिली वेसी रांजणात वत! काल गुरासारखी मोरीत वतलीस!"

सासूसुद्धा. शरणम्मानं पदर खोचला आणि पोचा पडलेली घागर पायानंच पुढं सरकवली.

वेसी म्हणजे पाणी. हा शब्द फिनलंड नावाच्या देशातला. अहमदपूरच्या या गल्लीत तो आला काइसा नावाच्या पोरीबरोबर. पिंगट केसांची, उन्हानं गाजरासारखी लाल झालेली, पायात पुरुषी चपला. बोअर पाडणाऱ्या एका परदेशी संस्थेबरोबर ती आली. बोअर पाडणारे बाप्ये मशीन घेऊन भोकरकडं गेले आणि हिला मुलींच्या शाळेत सेवा करायला मागं ठेवलं. सेवा म्हणजे सकाळी पोरींना सुकडी वाटायची, नखं बघायची आणि शेवटच्या तासाला आपल्या देशाची माहिती सांगायची. राहायला बसलिंगप्पा किराणावाल्याची, म्हणजे शरणम्माच्या नवऱ्याची, माडी मिळाली. त्यांचा थोरला मन्मथ लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागल्यापासून माडी रिकामीच होती. नवा जिल्हा झाल्यापासून अहमदपूरच्या बऱ्याच माड्या अशा रिकाम्या झाल्या होत्या.

काइसाची काशीबाई व्हायला आठवडासुद्धा लागला नाही. तिच्या देशात पावलोपावली तळी आहेत हे कळल्यावर गल्लीनं तिला एकच प्रश्न विचारला, "मंग तू हितं कामून आलीस?" त्याचं उत्तर तिनं बरंच लांब दिलं. पुण्यात शिकलेल्या मराठीत दिलं, त्यामुळे ते कुणाला नीट कळलं नाही. ती मीठ मागायला खाली आली की म्हणे, "काकू, मला किंचित मीठ द्याल का?" गल्लीत 'किंचित' कुणी म्हणत नसे, म्हणून तिला दर वेळी मूठभर मीठ मिळे.

पण पोरींनी तिला डोक्यावर घेतलं. लंगडी खेळताना त्या "उक्सी, काक्सी, कोल्मे" असं मोजू लागल्या. एकदा तिनं बर्फ कसा पडतो ते दाखवायचं ठरवलं, तर सिंधूनं, शरणम्माच्या शेंडेफळानं, घरातला वातींचा सगळा कापूस उचलून नेला. इतर पोरींनीही तेच केलं. दुष्काळात शाळेच्या व्हरांड्यात तासभर बर्फ पडला आणि पुढचे काही दिवस गल्लीतले देव सुताच्या वळलेल्या दोऱ्यावर उजळले. कुणीही कुरकुर केली नाही. उलट शेषेराव गुरुजी, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांना सांगत हिंडले, "आपल्या पोरी परदेशी भाषा बोलायल्यात!"

शरणम्मालाही त्या पोरीबद्दल तक्रार नव्हती. पोरगी ताट धुऊन ठेवायची, वर जाताना जिना झाडायची. तक्रार होती ती गल्लीबद्दल. वेसी म्हणायला गल्लीला आठवडा पुरला होता. आणि नीर?

शरणम्मा लग्न होऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती. माहेर हुमनाबादजवळचं. घरात कानडी, शेतात कानडी, देवासमोर कानडी. तेव्हा अहमदपूर आणि तिचं माहेर दोन्ही बिदर जिल्ह्यात होती, म्हणजे ती जिल्ह्याबाहेर दिलेली मुलगीसुद्धा नव्हती. पुढं राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या. अहमदपूर उस्मानाबादला जोडलं, माहेर म्हैसूरकडं गेलं. आता अहमदपूर लातूरला आलं. शरणम्मा आपली त्याच चुलीपुढं बसलेली, आणि तिचं माहेर मात्र तिकडच्या तिकडं परक्या मुलखात गेलेलं.

आल्या आल्या तिनं सासूला "नीर" मागितलं, तेव्हा घर हसलं. ते तिनं मनावर घेतलं नाही. खरं घडलं ते पहिल्या येळवशीला. मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, इकडं सगळं गाव कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालतात, पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून पुजतात आणि मग घरचा कर्ता पुरुष घोंगडी पांघरून आंबिलीची घागर डोक्यावर घेतो, "ओलगे, ओलगे" म्हणत शेताच्या कडेनं शिंपडत जातो. शरणम्माच्या माहेरी मात्र घागर बाई घेई. घरातली सगळ्यात नवी बाई. मागून बाकीच्या बाया टाळ्या देत येत आणि गाणं म्हणत. नवी सून म्हणजे हे आपलंच काम, असं समजून ती पोर कुणी सांगायच्या आत उठली, सासऱ्याच्या पुढ्यातली घागर उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागली. "बा तंगी बा, नीर तगोंड बा..." ये गं धाकटे ये, पाणी घेऊन ये.

 सगळे हसले. शेजारच्या शेतातले लोक कोपीतून बाहेर येऊन हसले. सासू हसून हसून खाली बसली. बसलिंगप्पा तेव्हा सोळा वर्षांचा होता, तोही हसला, आणि वर त्यानं चाल लावून दाखवली. पुढं कित्येक वर्षं गल्लीत तिचं नाव 'नीरम्मा' होतं.

मारलं असतं तर माहेरी सांगता आलं असतं. हसले, ते कुणाला सांगायचं?

तेव्हापासून शरणम्मा येळवशीला शेतात जायची, ज्वारीच्या पिठाचे उंडे वळायची, डाळी-पाल्याची भज्जी वाढायची, पण घागर शिंपडायला निघाली की कोपीत जाऊन भांडी आवरत बसायची. कानडी ती फक्त म्हशीशी बोलायची. म्हैस हसत नसे. "बा" म्हटलं की येई. यंदा कडबा परवडेना, म्हणून दिवाळीनंतर बसलिंगप्पानं म्हैस नायगावला बहिणीकडं पाठवून दिली. तिकडं गोदाकाठानं थोडी वैरण होती.

म्हैस गेल्यापासून शरणम्माचा पाय घरात ठरेना. अंगण झाडलेलं असलं तरी पुन्हा झाडी. डाळीचे डबे उतरवी, पुसून परत त्याच जागी ठेवी. आणि दाराबाहेर पोरी परक्या देशाच्या आकड्यांवर उड्या मारत.

एका सकाळी ती रिकाम्या दावणीपुढं उभी राहून बोलत होती. नुसतं बोलत नव्हती, भांडत होती. जिन्यावर काइसा उभी आहे हे तिला कळलंच नाही.

"काकू, तुम्ही कोणाशी बोलत आहात?"

"कुनाशी न्हाई. खुंटी ढिली झाली का बघत होते."

"पण ही मराठी नाही."

शरणम्मानं खुंटी उगाच हलवून पाहिली. घट्ट होती. "कानडी हाय. माझ्या माहेरची."

"तुम्ही मला कधी सांगितले नाही!"

"तू कवा इचारलंस?"

काइसा दोन पायऱ्या उतरून खाली बसली. "शाळेत याल? शेवटचा तास तुम्ही घ्या. मुलींना तुमच्या माहेरचे एक गाणे शिकवा."

"मी? मी काय मास्तरीण हाय का?"

"मीही नाही. मी माझ्या गावी पावाच्या दुकानात काम करते."

हे शरणम्माला नवीन होतं. तिला वाटलं होतं, एवढ्या लांबून भाषा शिकवायला आलेली पोरगी म्हणजे कुणी तरी शिकलेली मोठी असणार. पाव विकणारी निघाली. म्हणजे किराणावाल्याच्याच जातकुळीतली. ती रिकामी बादली उचलून आत गेली, "बघू" म्हणाली, आणि काम करता करता तिनं ओठातल्या ओठात गाणं सुरू केलं.

जेवताना तिनं नवऱ्याच्या ताटात भाकरी टाकली आणि सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. बसलिंगप्पाचा घास हातातच राहिला.

"कशाला नसती तकलीफ? लोक हसतेल."

"तिला कुठं हसले?"

"तिची भाषा इमानानं आली. तुझी बैलगाडीनं आली." बसलिंगप्पा दुकानात गिऱ्हाइकाला समजावतो तसा समजावू लागला. "लांबच्या मालाला भाव असतोय. जवळचा माल लोक दाबून बघतेत, वास घेतेत, नावं ठेवतेत. माझी काय इज्जत जायची न्हाई, पर तुलाच नंतर वाईट वाटंल."

"मला वाईट वाटायची सवय हाय. वाढू का आनि?"

बसम्मा भिंतीला टेकून भाकरी दुधात कुस्करत होती. "जाऊ दे की तिला," ती म्हणाली, "न्हाई तरी दिवसभर डबे पुसून डब्यांची कल्हई काढायली."

शरणम्मा ठेवणीतलं इरकल नेसून शाळेत गेली. शेषेराव गुरुजी स्वतः दारापर्यंत आले. पोरी चटयांवर दाटीनं बसलेल्या. सिंधू पहिल्या रांगेत, मान ताठ करून. काइसा मागं, पोरींसारखीच मांडी घालून.

शरणम्मानं घसा खाकरला. फळ्याकडं पाठ केली. मग म्हणाली, "हे आमच्या येळवशीचं गाणं हाय. आमच्याकडं घागर बाई उचलतीय."

"बाई?" एक पोरगी म्हणाली.

"हाव, बाई. आनि मागून बाकीच्या येतेत. तंगी म्हंजे धाकटी भैन. तिला बोलवायचं."

शेषेराव गुरुजींना राहवलं नाही. "तंगी तर आधीच आलेली हाय की गावात! तिला आनि कामून बोलवायची?"

सगळा वर्ग खो खो हसला. शरणम्माच्या कानशिलांना झळ लागली. पण या हसण्यात तिला काही टोचलं नाही, कारण हसता हसता पोरी तिच्याकडंच बघत होत्या. पुढं काय, या डोळ्यांनी. तिनं सुरू केलं.

"बा तंगी बा, नीर तगोंड बा."

पोरींनी म्हटलं. वेसी जितक्या सहज म्हटलं होतं तितक्याच सहज नीर म्हटलं. एकीनंही नाक मुरडलं नाही.

"बा तंगी बा, अंबली तगोंड बा." ये गं धाकटे, आंबील घेऊन ये.

पोरींनी म्हटलं. आवाज वाढला. व्हरांड्यातून जाणारा शिपाई खिडकीशी थांबला.

"बा तंगी बा..."

आणि तिसरं आलंच नाही.

शरणम्मानं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. पाणी झालं, आंबील झाली, तिसरं काय? ती आठवायला वर आढ्याकडं बघू लागली. तिथं पत्रे होते. तिनं ओळ मुकाट पकडायचा प्रयत्न केला आणि नकळत मांडीवर दोन थापा मारल्या, हरवलेली वस्तू अंगाच्या कपड्यांत चाचपावी तशा. काही सापडलं नाही. चौथी ओळ मात्र आपली हसत समोर उभी होती. ती तिनं घाईनं म्हणून टाकली.

"होगि बा तंगी, होगि बा." जाऊन ये गं, जाऊन ये.

"वा! वा!" गुरुजी म्हणाले. काइसानं टाळ्या वाजवल्या. पोरींनी ते पहिल्यापासून पुन्हा पुन्हा म्हटलं, शाळा सुटेपर्यंत. हसलं कुणीच नाही, चुकलं हेही कुणाला कळलं नाही. शरणम्मा सगळ्यांना हात जोडून बाहेर पडली, आणि सरळ घरी यायचं सोडून बाजाराला वळसा घालून आली. रस्ताभर तिचे ओठ हलत होते.

बत्तीस वर्षं तिला वाटत होतं, गाणं आत झाकून ठेवलेलं आहे. कुलूप लावलंय, पण माल जागेवर आहे. आज कुलूप काढलं, तर घागर अर्धी आटलेली.

घरी आल्यावर तिनं ते सांगून टाकलं, आणि त्या आठवड्यात घरात एकच चर्चा.

"तेल असंल," बसलिंगप्पा म्हणाला. "पाणी, आंबील, मंग तेल."

"शेतात तेल कशाला?"

"मंग मीठ."

"तुमी तुमच्या दुकानाची यादी वाचू नगा."

"माय, सायकल असंल," सिंधू म्हणाली.

"गप की गं."

वरून उतरलेली काइसा म्हणाली, "काकू, तुम्ही आपल्या मनाने काहीतरी घाला ना. मुलींना काय कळणार?"

"मला कळंल की," शरणम्मा म्हणाली.

शेवटी तिनं सासूला विचारलं. म्हातारीला जुनं सगळं आठवत असे, विशेषतः लोकांच्या चुका. शरणम्मा तिच्या पायांना तेल चोळत होती. "आत्याबाई, त्या पहिल्या येळवशीला मी म्हनलं होतं ना. तिसऱ्याला काय म्हनलं होतं?"

 बसम्मानं पाय आखडून घेतला.

"तिसऱ्यापतुर गेलीस कुठं तू? दुसऱ्यालाच आमी हसलो. तू घागर ठिवलीस."

शरणम्माचा हात थांबला.

"तिसरं हितं कुनी ऐकलंच न्हाई," म्हातारी म्हणाली. आणि भिंतीकडं बघत, "हसू आलं म्हनून हसलो बाई. आमाला काय ठावं."

दुसऱ्या दिवशी शरणम्मानं उदगीरची एस.टी. धरली. उदगीरहून भालकी, तिथून पुढं. भाऊ चन्नबसप्पाच्या दारात ती उतरली तेव्हा तिला आधी वाटलं आपण चुकीच्या गावाला आलो. शिवाराच्या जागी पाणीच पाणी पसरलं होतं. भावाचं शेत धरणात गेलं होतं. हे तिला माहीत होतं, पण पाहिलं आत्ताच. अहमदपूरला टँकरच्या पायपाखाली भांडणं लागतात आणि इथं तिच्या बापाच्या बांधावर बगळे उभे.

भाऊ म्हणाला, "शेतच नाही तर कसली येळवस, अक्का? तो दिवस आता कुणाच्या लक्षातही राहत नाही." गाणं त्याला माहीत नव्हतं. ते बायांचं. भावजयीनं आठवण्याचा प्रयत्न केला, पण ती कलबुर्गीकडची, तिच्याकडं दुसरंच गाणं. जिनं मागून टाळ्या दिल्या असत्या ती धाकटी बहीण गौरम्मा पहिल्याच बाळंतपणात गेली होती, त्याला किती वर्षं झाली ते दोघांनाही नक्की सांगता येईना.

शरणम्मा हे सगळं कानडीतच बोलत होती. मोकळेपणानं, मोठ्यानं. भाच्याची नवी बायको ताट घेऊन दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय गं?" शरणम्मानं विचारलं.

"काही नाही अत्ती. तुमची कानडी अगदी त्या महाराष्ट्रातल्या लोकांसारखी आहे."

शरणम्मानं तिच्याकडं पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांची असेल. हसू आलं म्हणून हसली. तिला काय ठाऊक. शरणम्मा ताटावर बसली आणि पोटभर जेवली.

दुसऱ्या संध्याकाळी ती अहमदपूरच्या स्टँडवर उतरली, तर चहाच्या गाड्याशी बसलिंगप्पा उभा. दुकान सोडून.

"आवो, तुमी हितं?"

"लातूरहून गुळाच्या भेल्या येणार व्हत्या. बघाय आलतो." त्याच्या हातात काही नव्हतं. थोडं चालून झाल्यावर त्यानं विचारलं, "सापडलं का?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय. चला घरी."

येळवस आली. शेतात हिरवं म्हणावं असं काही नव्हतं. ज्वारी गुडघ्याला येऊन वाळून गेली होती, करडई काट्यांपुरती उरली होती. कडब्याची कोप घालायची तर कडबा सोन्याच्या भावाचा, म्हणून बसलिंगप्पानं तुरीच्या तुराट्या रोवून त्यावर आईची दोन जुनी लुगडी टाकली. भज्जीला पाला मिळाला नाही, ती पिवळी व्हायची तर मातकट झाली. बसम्मा म्हणाली, "चवीला भज्जीच हाय, डोळे मिटून खावा." पण येळवशीला कुणाला नको म्हणायचं नसतं. सिंधूच्या वर्गातल्या पोरी आल्या, काइसा आली, गुणाबाई आली. पाच पांडवांना चुना लागला, निवद झाला.

मग बसलिंगप्पानं घोंगडी अंगावर घेतली आणि आंबिलीच्या घागरीशी गेला. बुडाला पोचा पडलेली तीच घागर. शरणम्मा सवयीनं भांडी गोळा करून कोपीत शिरू लागली.

"ये, ऐकलंस का," बसलिंगप्पा म्हणाला. "माझी मान धरलीय सकाळपून."

"मंग? तेल चोळू का?"

"तेल नगं. घागर घे." तो बांधाकडं बघत बोलत होता. घोंगडी उतरवून त्यानं ती तिच्या खांद्यावर टाकली.

शरणम्मानं सासूकडं पाहिलं. सासू उंडा चघळत होती. दात नसलेल्या माणसाला उंडा चघळायला फार लक्ष द्यावं लागतं, तसं तिनं लक्ष दिलं.

शरणम्मानं चुंबळ केली. घागर डोक्यावर घेतली. डाव्या हातानं धरली, उजव्या हातात आंब्याची डहाळी घेतली आणि शेताच्या कडेला लागली. पहिले थेंब पडले तसे ढेकळांनी पिऊन टाकले, डागसुद्धा उरला नाही.

"बा तंगी बा," ती म्हणाली. आवाज आधी चिरका आला. "नीर तगोंड बा."

मागून पोरींनी उचललं. शेजारच्या शेतातले लोक कोपीतून बाहेर आले. त्यांच्यात हसणारेही होते. गुणाबाई त्यांच्याकडं बघून ओरडली, "हसायला काय झालं? आमच्याकडं असंच असतंय!"

"बा तंगी बा, अंबली तगोंड बा."

वाळलेल्या ज्वारीच्या कडेनं ती चालत होती. तिसरं जवळ आलं. तिला वाटलं, आता येईल. पायाखाली शेत आहे, डोक्यावर घागर आहे, अंगावर घोंगडी आहे. आता यायलाच हवं.

"बा तंगी बा..."

नाही आलं. ती थांबली. घाईनं चौथं म्हणायला तोंड उघडणार, तोच तिच्या लक्षात आलं, मागंही सगळं शांत झालंय. एकही पोरगी पुढं गेली नव्हती. तिनं घागर सावरत हळूच मान वळवली.

पोरी एका ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. कोरड्या पांढऱ्या आभाळाकडं बघत त्या क्षणभर थांबल्या, मग सगळ्यांचे हात एकदम मांडीवर पडले. एक थाप. दुसरी थाप. आणि मग एका सुरात, "होगि बा तंगी, होगि बा!"

काइसानंही तसंच केलं होतं. तिची थाप किंचित मागं राहिली.

शरणम्मा तशीच उभी राहिली. घागरीच्या काठावरून आंबिलीचा ओघळ कपाळावर आला, तो तिनं पुसला नाही. मग ती पुन्हा चालू लागली. पाणी झालं, आंबील झाली. शेजारच्या शेतातली एक चिमुरडी बांध ओलांडून ओळीत शिरली होती. तिनं भलत्याच ठिकाणी मांडीवर हात मारला, तशी सिंधू तिच्यावर खेकसली.

"तिथं न्हाई! आधी गप ऱ्हायचं. वर बघायचं. मंग दोनदा."

चिमुरडीनं मान हलवली. शरणम्मा शेताच्या कोपऱ्यावर वळली, तिसऱ्यापाशी थांबली आणि मागच्या दोन थापा पडेपर्यंत वाट बघत उभी राहिली.